सातव्याचं पाणी

सातव्या ग्रीनवरच्या खड्ड्यात काठापासून बावीस मिलिमीटर खाली पाणी उभं होतं. हा खड्डा जगातल्या कुठल्याही गोल्फच्या मैदानावर एकशे आठ मिलिमीटर व्यासाचाच असतो आणि त्यात चेंडू पडावा एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. गोल्फचा चेंडू पाण्यात तरंगत नाही. क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांना ही गोष्ट सोमवारी सकाळी पावणेआठला कळली, तेव्हा ते गुडघ्यावर बसले होते आणि त्यांच्या उजव्या हाताची पाचही बोटं लोकरी हातमोज्यासकट त्या पाण्यात होती.

“धाकटे,” ते म्हणाले, “हे काय आहे?”

“पाणी आहे, साहेब.”

“ते मला दिसतंय. इथे का आहे?”

धाकट्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि खोली मोजली. पट्टी त्यांच्या बायकोच्या शाळेतल्या प्रयोगशाळेची होती. मोजल्यामुळे पाणी कमी झालं नाही, पण वहीत लिहायला एक आकडा मिळाला. साहेबांचा हातमोजा मात्र पिळावा लागला.

मैदानाच्या देखरेखीची सगळी जबाबदारी धाकट्यांवर होती. वय बावन्न, चष्म्याचा नंबर दोनदा वाढलेला, डोक्यावरचं गवत सातव्या ग्रीनपेक्षा विरळ. तरी अख्खा क्लब त्यांना धाकटेच म्हणे, कारण त्यांच्या आधी अडतीस वर्षं त्याच जागेवर त्यांचे वडील होते आणि ते थोरले. घरात ते आप्पा. थोरल्यांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण मैदानाच्या कडेचं दोन खोल्यांचं घर क्लबने त्यांच्याकडेच ठेवलं होतं. तिथे ते एकटे राहत. मागे गुलाबाची चार रोपं होती आणि दगडांनी बांधून काढलेला एक छोटा झरा. पहाटे उठून ते त्या झऱ्यातून झारी भरत, गुलाबांना पाणी घालत आणि मग मैदानावर फेरी मारून मुलाने केलेल्या चुका मोजत. चुका नेहमी सापडत. धाकट्यांनी मन लावून काम केलं की थोरले म्हणत, “बरं आहे.” यापलीकडे कौतुक त्यांच्या शब्दकोशात नव्हतं.

हिवाळा म्हणजे मैदानाचा आजारपण काढण्याचा काळ. गवत वाढत नाही, सभासद दुपारशिवाय फिरकत नाहीत, म्हणून वर्षभराची सगळी दुखणी तेव्हाच उकरायची असतात. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची ती गालिच्यासारखी गुळगुळीत हिरवळ. तिला पोकळ सळयांनी भोकं पाडून श्वास द्यायचा, वाळूच्या खळग्यांत नवी वाळू भरायची, झाडं छाटायची, यंत्रांच्या पात्यांना धार लावायची. या यादीत यंदा सेक्रेटरीसाहेबांनी एक ओळ लिहिली: सातव्याचं पाणी. वसंतातल्या सामन्यांच्या आत.

सातव्याच्या पोटात नळी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी थोरल्यांनी ती स्वतः घातली होती. ग्रीनवरचं पाणी झिरपून तिच्यात जायचं आणि ती ते कुठेतरी नेऊन सोडायची. कुठेतरी म्हणजे कुठे, हे कागदावर नव्हतं. थोरल्यांच्या डोक्यात होतं.

आणि अडचण तिथेच होती.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी थोरल्यांना एका कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. थोरल्यांनी वर्तुळ सुरेख काढलं. अडतीस वर्षं खड्डे पाडलेला हात तो. पण बाराही आकडे उजव्या बाजूला एकमेकांच्या खांद्यावर चढून बसले आणि डावी बाजू रिकामी राहिली. डॉक्टर म्हणाले, “यांना आता एकटं ठेवू नका.” धाकटे म्हणाले, “अहो, ते घड्याळ वापरतच नाहीत. सावलीवर वेळ ओळखतात.” डॉक्टरांनी मान हलवली, पण मत बदललं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिसऱ्या ग्रीनवर दोन खड्डे आणि दोन झेंडे निघाले. सवयीने पहाटे उठून थोरल्यांनी, गवत झिजू नये म्हणून बदलतात तशी, खड्ड्याची जागा बदलली होती आणि जुना बुजवायला विसरले होते. त्या दिवशी दोन सभासदांनी दोन वेगवेगळ्या खड्ड्यांत चेंडू घालून दोघांनीही जिंकल्याचं जाहीर केलं. धाकट्यांनी समितीपुढे उभं राहून सांगितलं की चूक आपली. माफीनामा लेखी द्यावा लागला.

आप्पांना आता आपल्याकडे आणायला हवं, हे वाक्य त्यानंतर त्यांच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. बायकोने फक्त लहान खोलीतली व्यायामाची सायकल विकली, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे हलवले, तिथे एक पलंग टाकला आणि त्याच्यावर इस्त्री केलेली चादर घातली. “पसारा ठेवायला बरा,” धाकटे म्हणाले. पाच महिने झाले होते. पलंगावर पसाऱ्यातली एक टाचणी पडली नव्हती आणि चादर दर महिन्याला बदलली जात होती.

दुसऱ्या शहरातून ताईचा दर रविवारी फोन यायचा. “ठरवलंस का रे?”

“बघतोय.”

“तू लहानपणापासून बघतोयसच. मी इतक्या लांब. तुलाच ठरवायचंय.”

“हो. बघतो.”

सातव्याच्या पाण्याची बातमी ऐकून बायकोने जेवताना चमचा खाली ठेवला. ती शाळेत विज्ञान शिकवते. बोलते कमी आणि बोलली की त्यात एकही शब्द वगळता येत नाही.

“पाणी किती दिवसांत खाली जातं?”

“दोन दिवस लागतात.”

“म्हणजे नळी पूर्ण तुंबलेली नाही. कुठूनतरी बाहेर पडतंय. प्रयोगशाळेत फ्लुओरेसीन आहे. चिमूटभर टाकलं की पाणी चकचकीत हिरवं होतं. सकाळी खड्ड्यात ओतायचं आणि दुपारपर्यंत हिरवं पाणी कुठे निघतं ते बघायचं. नुकसान कशाचं नाही.”

याहून सोपा उपाय असणं शक्य नव्हतं, आणि म्हणूनच धाकट्यांना तो नको होता. “अगं, सभासद काय म्हणतील? ग्रीनवर रंग?”

“ग्रीन हिरवंच आहे,” ती म्हणाली.

“नाही, नाही. आप्पांना विचारतो. त्यांना सगळं पाठ आहे.”

तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चमचा पुन्हा उचलला. तिला कळलं होतं. नळी शोधायची नव्हतीच. आप्पांना ती आठवते की नाही, हे शोधायचं होतं. नळी सापडली की डॉक्टर चुकले, पलंग विकायचा, सायकल परत आणायची.

थोरल्यांना विचारलं तेव्हा ते खूश झाले. चौदा वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. “सातवा? अरे, डोळे मिटून सांगतो.” आणि त्यांनी खरोखर डोळे मिटले.

पण खोदायला आधी क्लबच्या कार्यालयाचा परवाना लागतो. कार्यालयात एक हेडक्लार्क बसतात, त्यांच्या टेबलावर तीन शिक्के आणि एक पेला असतो. पेल्यात पाणी असल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

“अर्ज तीन प्रतींत,” हेडक्लार्क म्हणाले. “आणि रकाना सात बघा. जमिनीखालच्या नळ्यांचा नकाशा जोडावा.”

“नकाशा नाही, म्हणून तर खोदायचंय.”

“नकाशाशिवाय खोदता येत नाही.”

“आणि खोदल्याशिवाय नकाशा होत नाही.”

“बरोबर,” हेडक्लार्क आनंदाने म्हणाले. दोघांचं एकमत झालं की काम संपलं, असा त्यांचा अनुभव होता.

शेवटी थोरल्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढून दिला. काय नकाशा होता! उतार बाणांनी दाखवलेला, झाडं ठिपक्यांनी, नळी दुहेरी रेघेत, खाली झोकदार सही. हेडक्लार्कनी तीन शिक्के मारले आणि फायलीला नाव दिलं: सातवे ग्रीन, निचरा, मूळ नकाशा. मूळ हा शब्द त्यांनी सहज लिहिला असेल, पण दूरदृष्टीचा होता. पुढच्या तीन आठवड्यांत त्याच फायलीत सुधारित नकाशा क्रमांक आठपर्यंत भर पडली.

पहिला चर ग्रीनच्या डाव्या अंगाला खणला. तीन फुटांवर सुरेख काळी माती लागली आणि हरवलेले त्रेचाळीस चेंडू.

“खोदू अजून?” मुकादमाने विचारलं. मुकादम थोरल्यांच्या हाताखाली तयार झालेला, बोलण्यात काटकसरी.

थोरले काठावर उभे होते. “उजवीकडे असेल. मी मेला डावं-उजवं नेहमी झेंड्याच्या बाजूने धरायचो.”

हे पटण्यासारखं होतं. धाकट्यांना तर फारच पटलं. दुसरा चर उजवीकडे खणला आणि तिथे नळी लागली! धाकट्यांनी स्वतः खाली उतरून कुदळ मारली. दुर्दैवाने ती पाणी बाहेर नेणारी नळी नव्हती, फवाऱ्यांना पाणी पुरवणारी मुख्य वाहिनी होती. दोन पुरुष उंचीचं कारंजं उडालं. ते बंद करायला सगळ्या क्लबचं पाणी तोडावं लागलं, आणि त्याच क्षणी न्हाणीघरात एक निवृत्त न्यायाधीश डोक्याला साबण लावून उभे होते. त्यांनी टॉवेलवर बाहेर येऊन, डोळे मिटलेलेच ठेवून, जबाबदार कोण अशी विचारणा केली. धाकटे चिखलात उभे राहून म्हणाले, “मी.” न्यायाधीशांच्या तो आवाज नीट लक्षात राहिला.

तिसऱ्या चरात टेलिफोनची तार तुटली. क्लबमध्ये दोन दिवस इतकी शांतता होती की काही सभासदांनी ती कायम ठेवावी अशी सूचना केली.

एव्हाना गोष्ट गावभर झाली होती आणि सल्ले यायला लागले होते. फुकटचा सल्ला आणि फुकटची माती, ठेवायला जागा पुरत नाही. हृदयाचे शल्यविशारद असलेले एक सभासद चरात डोकावून म्हणाले, “सरळ ब्लॉकेज आहे. बाजूने नवी वाहिनी टाका.” दातांचे डॉक्टर म्हणाले की मुळापर्यंत गेल्याशिवाय उपयोग नाही. न्यायाधीश म्हणाले, दोन्ही बाजू ऐकून घ्या. पण एक बाजू जमिनीखाली होती. धाकट्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त ओव्हरसियर रोज जिन्यात त्यांना गाठून विचारत, “उताराची लेव्हल घेतलीत का? लेव्हल घेतल्याशिवाय कुदळ उचलणारा माणूस, रागावू नका, गाढव असतो.” तळमजल्यावरच्या मावशींचा ओव्हरसियरांवर विश्वास नव्हता. त्यांना तांब्याच्या दोन वाकड्या तारा हातात धरून पाणी शोधता यायचं. एका शनिवारी त्या तारा घेऊन मैदानावर आल्या, डोळे मिटून अख्खं सातवं चालल्या, आणि तारा दरवेळी क्लबच्या उपाहारगृहाकडे वळल्या. तिथे जाऊन मावशी चहा पिऊन घरी गेल्या. खोटं कशाला बोला, तिथे पाणी होतंच.

चौथा नकाशा काढताना थोरल्यांनी फुलीची खूण केली आणि बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून बसले.

“आप्पा, इथे काय? नळीचा जोड?”

“इथे तुझी आई चहा घेऊन उभी राहायची.”

धाकट्यांनी खाली पाहिलं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

“आणि नळी?”

“नळी तिच्या पायाखालून जाते ना. मी खणायचो आणि ती म्हणायची, अहो, आधी चहा घ्या, नळी पळून जात नाही.”

त्या फुलीवर चर खणला. मुकादमाने या खेपेला किती खोल असं विचारलं नाही. काही सापडलं नाही. थोरले वरून म्हणाले, “नीट बुजवा रे,” आणि मुकादमाने ती जागा इतकी हळुवार बुजवली की दुसऱ्या दिवशी ती ओळखू येत नव्हती.

सहावा नकाशा बायकोने टेबलावर पसरून पाहिला. “यात ओढा आहे. आपल्या मैदानावर ओढा नाही.”

“कधीकाळी असेल.”

“हे लिंबाचं झाड, हा गोठा. हा आप्पांच्या लहानपणीच्या घराचा नकाशा आहे. मागे एकदा त्यांनी मला सांगितलं होतं.” ती थांबली. “मी त्या हिरव्या रंगाची बाटली पिशवीत ठेवलीय. आठवडा झाला.”

“उद्या एकदाच खोदतो. उताराचा बाण बरोबर वाटतोय मला.”

तिने नकाशाची घडी पहिल्या घड्यांवरूनच घातली.

सहावाही खोदला. आणि सातवा, आणि आठवा. वरून पाहिलं असतं तर सातव्याभोवती कुणा प्रचंड घुशीचं बिऱ्हाड आहे असंच वाटलं असतं. सेक्रेटरीसाहेबांनी लेखी विचारणा केली की हे निचऱ्याचं काम आहे की उत्खननाचं. समितीची बैठक लागली. अध्यक्ष म्हणाले, “धाकटे, थोरल्यांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं.” धाकट्यांनी ते ऐकून घेतलं. बावन्न वर्षांत ऐकून घेण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की आता त्यांचा चेहराच ऐकून घेतल्यासारखा दिसायचा. आपण कुणासाठी ऐकून घेतोय, हे मात्र त्यांनी बैठकीत सांगितलं नाही. परत येताना थोरल्यांच्या घरावरून आले तर थोरले झऱ्यापाशी झारी घेऊन कुरकुरत होते. “यंदा झरा आटलाय बघ. झारी भरायला अर्धा तास लागतो. सगळीकडे चिखल आणि इथे धार नाही.”

“हो का,” धाकटे म्हणाले. त्यांच्या डोक्यात नववा चर होता.

नववा चर सगळ्यांत खोल झाला. मुकादमाची माणसं दमली होती, म्हणून त्या दिवशी धाकटे स्वतः खाली उतरून खोदत होते. गळ्याइतका चर, अंगभर चिखल, कानावर ओढलेली टोपी, चष्म्याच्या काचांवर माती. तेवढ्यात काठावर काठी वाजली.

“ए! कोण आहे रे खाली?”

धाकट्यांनी वर पाहिलं. आप्पा उभे होते.

“काय वाटोळं केलंयस हे सातव्याचं! कुणाच्या परवानगीने खोदतोस?”

“आप्पा, तुम्हीच काल...”

“मला आप्पा म्हणू नकोस. वर ये आधी. माझ्या मुलाला विचारलंस का? इथलं सगळं माझा मुलगा बघतो. त्याला विचारल्याशिवाय या मैदानावर गवताची काडी हलवायची नाही कुणी!”

मुकादम बाजूला फावडं घेऊन उभा होता. त्याने फावड्याकडे बघायला सुरुवात केली.

“त्याला सगळं ठाऊक असतं,” थोरले म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता. “माझ्यापेक्षा जास्त. मी त्याला कधी सांगत नाही. डोक्यात हवा जायला नको. पण माणूस हुशार आहे. त्याला विचार, तो सांगेल नळी कुठे आहे ते.”

“विचारतो,” चरातला माणूस म्हणाला.

“आणि हे बुजव सगळं. त्याला त्रास होईल बघून.”

काठी वाजवत ते निघून गेले. हे वाक्य ऐकायला धाकट्यांनी सगळी नोकरी काढली होती. ते मिळालं तेव्हा ते गळ्याइतक्या चिखलात उभे होते आणि ते त्यांना उद्देशून नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसायला अंगावर स्वच्छ जागा शोधली, ती सापडली नाही, आणि चष्मा तसाच परत घातला.

घरी आल्यावर हात धुता धुता ते बायकोला म्हणाले, “उद्या ती बाटली घेऊन ये.”

“अर्ध्या दिवसाची रजा टाकते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिने बादलीभर पाण्यात चिमूटभर तांबूस भुकटी टाकली. पाणी एकदम झगझगीत पोपटी झालं. मुकादम एक पाऊल मागे सरकला. सातव्याच्या खड्ड्यात ती बादली तिने हळूहळू, न सांडता ओतली आणि वहीत वेळ लिहिली. मग माणसं वाटून दिली: एक तळ्यावर, एक रस्त्याकडेच्या गटारावर, एक कुंपणाबाहेरच्या नाल्यावर. धाकटे तिन्हीकडे आळीपाळीने धावत होते. दहा वाजले, अकरा वाजले. तळं तळ्याच्या रंगाचं, गटार गटाराच्या रंगाचं. सेक्रेटरीसाहेब येऊन खड्ड्यात डोकावले, पण बोटं घातली नाहीत.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना मुकादमाने हाक मारली. हाक कसली, नुसतं “धाकटे” म्हणाला आणि मैदानाच्या कडेच्या घराकडे बोट केलं.

थोरले मागच्या अंगणात, पहाटेचं काम भर दुपारी, गुलाबांना पाणी घालत होते. झारीतून पोपटी धारा पडत होत्या. एका रोपाचं झालं, दुसऱ्याचं झालं. ते शांतपणे तिसऱ्याकडे वळले.

सातव्यापासून त्या अंगणापर्यंत एकशे ऐंशी पावलं. धाकट्यांनी ती मोजली, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. वाटेत सगळे चर लागले. दगडांनी बांधलेल्या त्या खळग्याच्या तळाला, शेवाळाआड, मातीच्या नळीचं तोंड होतं, आणि त्यातून करंगळीएवढी हिरवी धार येत होती. लहानपणी धाकट्यांनी त्यात कागदाच्या होड्या सोडल्या होत्या. आईने त्याला कधीतरी झरा म्हणायला सुरुवात केली, आणि मग घरात तो झराच झाला. धाकट्यांना वेगळं कधी कळलंच नाही. पण दगड आप्पांनी रचले होते. चाळीस वर्षं रोज सकाळी आप्पा त्याच नळीच्या तोंडाशी झारी धरत होते. तीन आठवडे नऊ नकाशे काढतानाही धरत होते.

आता डॉक्टरांशी भांडायला काही उरलं नव्हतं. बायको मागून येऊन उभी राहिली. वेळ तिने लिहिली नाही. वही मिटलेली होती.

“बघा ना,” थोरले त्या दोघांना म्हणाले, पाहुण्यांशी बोलावं तसं. “आज आमच्या हिच्या झऱ्याला कसा रंग आलाय.”

“झरा नाही तो,” धाकटे म्हणाले. “नळी आहे. सातव्याचं पाणी येतं यातून.”

“नळी? कुणी घातली?”

“तुम्ही. चाळीस वर्षांपूर्वी.”

थोरले हळूहळू वाकले. धारेत बोट धरलं, हिरवं झालेलं बोट उन्हात धरून पाहिलं.

“चाळीस वर्षं वाहतेय?”

“अजून वाहतेय. थोडी तुंबलीय, एवढंच.”

“मग चांगली घातली होती,” थोरले म्हणाले. दुसऱ्या कुणाच्या कामाला द्यावी तशी त्यांनी दाद दिली होती, मोकळ्या मनाने. स्वतःला त्यांनी जन्मात कधी ‘बरं आहे’च्या वर जाऊ दिलं नसतं.

मुकादम कुंपणाकडे तोंड करून उभा होता. बायकोने थोरल्यांच्या हातातून जड झारी घेतली आणि राहिलेल्या चौथ्या रोपाला पाणी घातलं.

“झालं ना काम?” थोरले म्हणाले. “जा आता. जेवायची वेळ झाली, घरी वाट बघत असतील.”

“तुम्ही पण चला,” धाकटे म्हणाले. स्कूटरवरून येताजाता या प्रसंगासाठी पाठ केलेली सगळी वाक्यं आता ऐन वेळी एकेक करून मागच्या दाराने निघून गेली होती.

“मी? मी कसा येणार?” थोरले हसले. “माझ्या मुलाला विचारल्याशिवाय मी कुठे जात नाही. तो ठरवील तसं.”

धाकट्यांनी बायकोकडे पाहिलं. ती झारी उलटी करून दगडावर निथळत ठेवत होती. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि वडिलांचा ओला, पोपटी हात आपल्या हातात घेतला.

“मी विचारलं त्याला,” ते म्हणाले. “तो म्हणतो, आप्पांना आजच घरी घेऊन या. आता एकटं ठेवायचं नाही.”